सुंभ, पीळ आणि जिवाणूचं गुणसूत्र

१९५५ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये स्वयंपाकघरातल्या एका मिक्सरला नवं काम मिळालं. एली वोलमान यांनी तो अमेरिकेतून बायकोसाठी आणला होता. घरी त्याचा फारसा वापर होईना, तेव्हा तो प्रयोगशाळेत आला. प्रयोगशाळा पोटमाळ्यावर होती आणि तिथली माणसं तिला पोटमाळाच म्हणत. आंद्रे ल्वॉफ तिचे प्रमुख. वोलमान यांचे आईवडील याच संस्थेत जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करत. १९४३ मध्ये नाझींनी दोघांना ऑशविट्झला नेलं. ते परतले नाहीत. वोलमान यांचे जोडीदार फ्रान्स्वा जाकोब. त्यांना सर्जन व्हायचं होतं, पण १९४४ मध्ये नॉर्मंडीत बाँबहल्ल्यात जबर जखमी झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार सोडावा लागला आणि ते पंचवीस-तिशीच्या मध्ये कुठेतरी जीवशास्त्राकडे वळले.

मिक्सरचं काम होतं जोड्या तोडण्याचं. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. त्याच्या काही जाती दुसऱ्या जिवाणूला बिलगून आपलं गुणसूत्र हळूहळू त्याच्यात सोडतात, सुईतून दोरा ओवावा तसं. जाकोब आणि वोलमान दर काही मिनिटांनी थोडं मिश्रण काढून मिक्सरमध्ये फिरवत. जोडी तुटे, दोरा जिथपर्यंत गेला तिथेच तुटे. मग घेणाऱ्या जिवाणूत कोणती जनुकं पोचली ते तपासायचं. लॅक्टोज साखर पचवणारं जनुक साधारण अठराव्या मिनिटाला पोचायचं, गॅलॅक्टोजचं पंचविसाव्याला. अख्खं गुणसूत्र ओवायला सुमारे शंभर मिनिटं लागतील असा हिशेब निघाला, मात्र बहुतेक जोड्या त्याच्या कितीतरी आधी आपोआपच सुटायच्या.

अशा रीतीने जिवाणूच्या गुणसूत्राचा नकाशा मिनिटांत मांडला गेला. गावं किलोमीटरमध्ये नव्हे, तर एसटीच्या वेळापत्रकात मोजावीत, तसा. वेगवेगळ्या जातींमध्ये दोरा वेगवेगळ्या जागेपासून सुटतो, पण क्रम तोच राहतो आणि शेवट पुन्हा सुरुवातीला येऊन मिळतो, हे लक्षात आल्यावर आणखी एक गोष्ट कळली: या गुणसूत्राला टोकंच नाहीत. ते वर्तुळ आहे.

नकाशा हाती आला आणि तिथेच एक गंमत झाली. नकाशा करणाऱ्यांनीच त्याचं महत्त्व झाकोळून टाकणारा शोध लावला.

१९५८ च्या जुलैत जाकोब पत्नी लीझ यांच्याबरोबर सिनेमाला गेले होते. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. विषाणू जिवाणूत वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि लॅक्टोजची जनुकं लॅक्टोज नसताना गप्प बसतात, या दोन गोष्टी एकच असाव्यात, असं त्यांना तिथे सुचलं. दोन्हीकडे कुणीतरी थेट डीएनएवर बसून वाट अडवत असणार. सहकारी जाक मोनो यांच्याबरोबर त्यांनी ही कल्पना घासूनपुसून घेतली आणि १९६१ मध्ये ती 'ऑपेरॉन' या नावाने सविस्तर मांडली: ओळीने बसलेली जनुकं, त्यांच्या दाराशी एक जागा, त्या जागेवर बसणारा एक रखवालदार. लॅक्टोज आलं की रखवालदार उठतो, आरएनए पॉलिमरेज हे वाचणारं यंत्र आत शिरतं, जनुकं वाचली जातात. १९६५ चं नोबेल ल्वॉफ, जाकोब आणि मोनो यांना मिळालं.

ऑपेरॉनची मांडणी इतकी देखणी होती की ती फळ्यावर एका सरळ रेघेत काढता येई. अजूनही पाठ्यपुस्तकांत ती तशीच काढतात. रेघेच्या दाराशी कोण उभं आहे एवढं कळलं की पुरे. रेघ स्वतः कुठे, कशी, किती वेळा दुमडून पडली आहे, याच्याशी कुणाला काय देणंघेणं? हा प्रश्न विचारायला जिवाणूशास्त्राला बराच वेळ लागला. उत्तर मिळवायला अर्धं शतक.

१९६३ मध्ये जॉन केर्न्स यांनी हे वर्तुळ प्रत्यक्ष दाखवलं. जिवाणूंना किरणोत्सारी थायमिडीन खाऊ घालून, त्यांचा डीएनए अलगद बाहेर काढून, तो छायाचित्राच्या पटलाखाली महिनेच्या महिने अंधारात ठेवला. धाग्यानेच स्वतःचं चित्र काढलं: एक मिलिमीटरहून लांब कडं आणि त्यावर नक्कल होत असल्याचा फाटा. चित्र पाहून खरं तर तेव्हाच धसका बसायला हवा होता. ई. कोलाय स्वतः जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. पुढे १९९७ मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅडिसन इथे त्याच्या एका जातीचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचला गेला. ४६,३९,२२१ अक्षरं भरली. ताणली तर सुमारे १.६ मिलिमीटर. नऊवारी लुगडं एक सेंटीमीटरच्या डबीत कोंबावं, असं हे प्रमाण. शिवाय डबी बंद करून चालत नाही. लुगड्याचा कुठलाही पदर कुठल्याही क्षणी वाचता आला पाहिजे, आणि त्याच वेळी अख्ख्या लुगड्याची दुसरी प्रत विणून झाली पाहिजे.

माणसाच्या पेशीत हे काम हिस्टोन नावाची प्रथिनं करतात. डीएनए त्यांच्याभोवती रिळाला गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. जिवाणूकडे ती रिळं नाहीत आणि केंद्रकाची भिंतही नाही. त्यामुळे त्याचा डीएनए म्हणजे पेशीत कसाबसा कोंबलेला गुंता, अशीच समजूत होती.

तिला पहिला धक्का डेन्व्हरमध्ये बसला. स्टोनिंग्टन आणि डेव्हिड पेटिजॉन यांनी १९७१ मध्ये खारट द्रावणात जिवाणू हलकेच फोडले, तर गुणसूत्र विस्कटलं नाही, घडी घातलेल्या अवस्थेतच बाहेर आलं. पुढच्या वर्षी अब्राहम वोर्सेल आणि एलिझाबेथ बुर्गी यांनी त्या घडीला एंझाइमने एकेक बारीक चीर पाडून पाहिली. एका जागी धागा कापला की गुणसूत्राचा तेवढाच वळसा सैल पडायचा, बाकीचे ताणलेलेच राहायचे. म्हणजे गुणसूत्र अनेक स्वतंत्र वळशांत वाटलेलं होतं आणि एका वळशातला ताण दुसऱ्यात जात नव्हता. रूथ कॅव्हेनॉफ आणि ब्रायन बोवेन यांनी १९७६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचं छायाचित्र घेतलं. फुटलेल्या जिवाणूभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे पसरलेले शेकडो वळसे त्यात दिसतात. विज्ञानाच्या इतिहासात पोस्टर म्हणून भिंतीवर लावावीत अशी छायाचित्रं थोडी आहेत. हे त्यांतलं एक, आणि ते खरोखरच लावलं गेलं.

या वळशांतला ताण कसला, हे समजायला दोरी वळणाऱ्याकडे पाहावं. डीएनए म्हणजे दोन पेडांची दोरी. दोरीची दोन्ही टोकं धरून तिला आणखी पीळ दिला की ती स्वतःभोवतीच गुंडाळते, अढी पडते. उलटा पीळ दिला तरी अढी पडते; पण आता पेड एकमेकांपासून सुटायला आतुर असतात. जिवाणूच्या डीएनएत असा उलटा पीळ असतो. जनुक वाचायचं तर पॉलिमरेजला दोन पेड थोडे उकलावे लागतात. उलटा पीळ ते काम अर्धं आधीच करून ठेवतो.

हा पीळ येतो कुठून, हे १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांना सापडलं. गायरेज नावाचं एंझाइम पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, जाळून डीएनएला उलटा पीळ घालत राहतं. त्याआधी पाच वर्षं जेम्स वांग यांना याच्या नेमकं उलट काम करणारं, पीळ सोडवणारं एंझाइम मिळालं होतं. नॅलिडिक्सिक आम्ल हे मूत्रमार्गाच्या संसर्गावरचं औषध १९६० च्या दशकापासून वापरात होतं. ते नेमकं कशावर घाव घालतं, ते आता कळलं. घाव गायरेजवर होता. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच घराण्यातलं. औषधाच्या दुकानातून ती पट्टी घेऊन येणारा माणूस एका अर्थी जिवाणूच्या गुणसूत्राचा पीळच बिघडवायला निघालेला असतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मराठी माणूस म्हणतो. जिवाणूचं नेमकं उलट आहे. सुंभ तोच, त्यातलं अक्षरही बदललेलं नाही, पण पीळ मात्र परिस्थितीप्रमाणे कमीजास्त होतो. अन्न संपत आलं की एटीपी घटतो, गायरेज मंदावतं, पीळ सैलावतो. खारट पाण्यात पडलं की पीळ वाढतो. आणि पीळ बदलला की एकाच वेळी शेकडो जनुकांच्या दारांची बिजागरी कमीजास्त घट्ट होते. इथे रखवालदार एका दारापुरता नाही. साऱ्या वाड्याचीच हवा बदलते. खुद्द गायरेजची जनुकं मात्र या हवेच्या विरुद्ध वागतात: पीळ सैलावला की ती जास्त वाचली जातात. रॉल्फ मेंझेल आणि गेलर्ट यांनी हे १९८३ मध्ये दाखवलं. पेशी आपला पीळ स्वतःच तपासून दुरुस्त करते, याचा हा पहिला पक्का पुरावा.

१९८७ मध्ये लेरॉय ल्यू आणि वांग यांनी आणखी एक पेच उलगडून दाखवला. पॉलिमरेज हे अवजड यंत्र आहे, शिवाय त्याच्या मागे ताज्या आरएनएची शेपटी लोंबत असते. ते डीएनएभोवती गरगर फिरू शकत नाही, म्हणून डीएनएलाच फिरावं लागतं. परिणामी त्याच्या पुढे पीळ घट्ट होत जातो, मागे सैल. म्हणजे एक जनुक वाचलं जात असताना शेजारच्या जनुकाला त्याची कंपनं जाणवतात. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन घरांसारखंच.

याच सुमारास मिठाचा प्रश्न चर्चेत होता. बाहेर क्षार वाढले की ई. कोलाय 'प्रोयू' नावाची जनुकं एकदम जोमाने चालवतो आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्यं आत खेचतो. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात जे. गौरीशंकर या जनुकांवर काम करत होते. १९८८ मध्ये ख्रिस्तोफर हिगिन्स, चार्ल्स डॉर्मन आणि सहकाऱ्यांनी असं मांडलं, की या ठिकाणी निरोप पोचवणारा पीळच आहे. यावर वाद झाला, आणि तो बरीच वर्षं चालला. पेशीत साठणारं पोटॅशियम थेट काम करतं, पीळ नव्हे, असं दुसरी बाजू म्हणे. वादातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळीच होती: प्रोयू दाबून ठेवणारं एक प्रथिन. एच-एनएस. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. महादेवन ज्या 'बीजीएल' जनुकांचा अभ्यास करत, त्यांनाही हेच प्रथिन गप्प ठेवतं. ई. कोलायकडे वनस्पतींतल्या काही शर्करा पचवण्याची ही सामग्री आहे, पण रानटी जातीत ती कुलूपबंद असते. एखादा उडता डीएनएचा तुकडा दाराशी येऊन बसला, की कुलूप मोडतं.

भारतात ही विद्या रुजली त्याला मुंबईचाही हातभार आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. फळमाशीकडे वळण्यापूर्वी त्यांचा विषय होता जिवाणूंच्या जोडीत एकाचा डीएनए दुसऱ्याच्या गुणसूत्रात कसा मिसळतो, हा. पाश्चरच्या पोटमाळ्यावरच्याच दोऱ्याचं हे पुढचं टोक.

गुणसूत्राला बिलगणाऱ्या प्रथिनांची यादी तोवर लांबली होती. एचयू हे पाश्चरमध्येच जोझेत रुविएर-यानिव आणि फ्रान्स्वा ग्रो यांना १९७५ मध्ये सापडलं होतं. फिस हे ताजं अन्न मिळताच पेशीत काही मिनिटांत शंभरांवरून हजारोंवर जातं आणि उपासमारीत जवळजवळ नाहीसं होतं. मग डीपीएस येतं, आणि डीएनएला स्फटिकासारखं घट्ट करून झोपवतं. प्रत्येक प्रथिन डीएनए वाकवतं, दुमडतं किंवा दोन धागे एकत्र बांधतं. तसं करता करता जनुकं उघडतं-मिटतं. बांधणी कुठे संपते आणि कारभार कुठे सुरू होतो, ते इथे सांगता येत नाही.

एच-एनएसची खरी ओळख २००६ मध्ये पटली. साल्मोनेला या जिवाणूवर काम करणाऱ्या दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की हे प्रथिन बहुतेक करून उपऱ्या जनुकांवर बसतं. जिवाणू एकमेकांकडून आणि विषाणूंकडून जनुकं उचलत असतात. अशा आगंतुक डीएनएत ए आणि टी ही अक्षरं यजमानापेक्षा जास्त असतात, आणि एच-एनएस नेमकं तशाच मजकुराला चिकटून त्याची तोंडं बांधतं. नवा पाहुणा आला तर त्याला हाकलायचं नाही, पण ओसरीवरच बसवायचं. साल्मोनेलातून एच-एनएस काढून टाकलं, तर हे सगळे एकदम बोलायला लागतात आणि जिवाणू जगतो तो जेमतेम.

पण पाहुण्याला कधी आत घ्यायचं? शिगेला या आवेच्या जिवाणूकडे त्याचं फार सुंदर उत्तर आहे. त्याच्या मोठ्या प्लाझ्मिडवरच्या, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावरच्या, 'व्हिरएफ' या जनुकाच्या दाराशी डीएनए निसर्गतःच वाकलेला आहे. गार पाण्यात हा बाक पक्का असतो आणि दोन ठिकाणी बसलेले एच-एनएसचे रेणू एकमेकांना हात देऊन दार अडवतात. बत्तीस अंशांच्या वर बाक उलगडतो आणि हात सुटतात. माणसाच्या पोटात गेलो, ही बातमी शिगेलाला त्याच्या डीएनएच्या आकारातून कळते.

आता पुन्हा मिनिटांच्या नकाशाकडे. जनुक वर्तुळावर कुठे आहे याने काही फरक पडतो का? १९८७ मध्ये मॉली श्मिड आणि जॉन रॉथ यांनी साल्मोनेलाची हिस्टिडीन बनवणारी जनुकं वर्तुळावर निरनिराळ्या जागी नेऊन बसवली. उत्पादनात सुमारे तिप्पट फरक पडला. कारण सरळ होतं. गुणसूत्राची नक्कल एका आरंभबिंदूपासून दोन्हीकडे सुरू होते आणि समोरच्या बाजूला संपते. ई. कोलायला नकलेला चाळीसेक मिनिटं लागतात, पण भरपूर अन्न असेल तर तो वीस मिनिटांत दुभंगतो. हे जमतं ते पहिली नक्कल पुरी होण्याआधीच दुसरी सुरू केल्यामुळे. म्हणून आरंभबिंदूजवळच्या जनुकांच्या प्रती पेशीत नेहमी जास्त असतात. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा आरएनए बनवणारी जनुकं बरीचशी याच बाजूला आहेत, हे उगाच नव्हे.

ठिकाणाचा याहून विलक्षण उपयोग मातीतल्या बॅसिलस सबटिलिसने केला आहे. उपासमार झाली की तो एका कडेला पडदा घालून एक छोटी खोली करतो. तिचा पुढे बीजाणू होतो. मोठी खोली त्याला पोसून मरते. दोघांचा डीएनए एकच, मग एकाने मूल व्हायचं आणि दुसऱ्याने आई, हे ठरतं कसं? १९९४ मध्ये ऑक्सफर्डला लिंग हुआन वू आणि जेफ एरिंग्टन यांना दिसलं की पडदा पडतो तेव्हा छोट्या खोलीत गुणसूत्राचा फक्त आरंभबिंदूजवळचा तिसरा हिस्सा असतो. बाकीचा एका पंपाने नंतर आत खेचला जातो. दहा-पंधरा मिनिटं तरी छोटी खोली अर्धवट गुणसूत्रावर चालते.

या दहा-पंधरा मिनिटांतच खेळ आहे. बीजाणूचा कारभार सुरू करणाऱ्या सिग्मा-एफ या प्रथिनाला अडवणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक आरंभबिंदूपासून लांब, म्हणजे अजून पडद्याबाहेर. आतलं अडवणारं प्रथिन अल्पायुषी असल्याने विरत जातं, आणि नवं बनवायला जनुकच आत नाही. सिग्मा-एफ मोकळं होतं. हार्वर्डमध्ये जोनाथन ड्वोरकिन आणि रिचर्ड लॉसिक यांनी ते जनुक उचलून आरंभबिंदूजवळ बसवलं, तेव्हा बीजाणू होण्यातच अडथळे आले. जनुकात काही बिघाड नव्हता. पत्ता तेवढा बदलला होता.

बीजाणू व्हायचं की नाही हा आधीचा निर्णयही पत्त्यावरच अवलंबून असल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक आरंभबिंदूजवळ आहे, दुसरं शेवटाजवळ. नक्कल अर्ध्यावर असते तेव्हा पहिल्याच्या प्रती दुप्पट, दुसऱ्याची एकच. हे प्रमाण बिघडलेलं असेपर्यंत निर्णय रोखला जातो. नक्कल पुरी झाली की समतोल येतो आणि इशारा सुटतो. अर्धवट प्रत घेऊन कुणी बीजाणू होऊ नये याची ही सोय. जनुकांची जागाच घड्याळ झाली आहे.

घडीचा नकाशा थेट काढण्याची युक्ती यीस्टवरच्या कामातून आली. योब डेकर यांनी २००२ मध्ये ती मांडली: पेशीला फॉर्मल्डिहाइड पाजून जे धागे शेजारी आहेत ते जागच्या जागी चिकटवायचे, मग डीएनए कापायचा, शेजारची टोकं जोडायची, आणि कोण कुणाला जोडलं गेलं ते मोजायचं. जिवाणूवर तिचा मोठा प्रयोग २०१३ मध्ये एमआयटीत मायकेल लॉब यांच्या प्रयोगशाळेत झाला. जिवाणू होता गोड्या पाण्यातला कॉलोबॅक्टर. त्याचं वर्तुळ तेवीस वस्त्यांत विभागलेलं निघालं. एका वस्तीतली जनुकं आपसात जास्त भेटतात, पलीकडच्यांना कमी. वस्त्यांच्या वेशी बहुतांशी तिथेच होत्या जिथे एखादं जनुक अखंड, धडाक्याने वाचलं जात होतं. रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाने पॉलिमरेज थांबवलं तर वेशी पुसट झाल्या. आणि असंच एक गजबजलेलं जनुक उचलून शांत जागी नेलं, तर तिथे नवी वेस उभी राहिली. म्हणजे घडी जनुकांना वळण लावते आणि जनुकं घडीला. आधी कोण, हा प्रश्न इथे फारसा फलदायी नाही.

मग सरळ रेघेत काढलेल्या त्या लॅक्टोज ऑपेरॉनचं काय? त्याच्याही रेघेला वळण निघालंच. १९९० मध्ये बेनो म्युलर-हिल यांच्या कोलोनच्या प्रयोगशाळेने दाखवलं की रखवालदाराला बसायला एक नव्हे, तीन जागा आहेत. तो दोन जागा एकदम धरतो आणि मधल्या डीएनएचा फास करतो. बाजूच्या दोन्ही जागा बिघडवल्या, तर मुख्य जागा शाबूत असूनही दडपण सुमारे सत्तर पटींनी ढिलं पडतं.

आणि २०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टीफन बझ्बी आणि डेव्हिड ली यांच्या गटाने याच लॅक्टोज ऑपेरॉनचं दार घेतलं, त्यापुढे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं, आणि ही जोडी ई. कोलायच्या वर्तुळावर ठिकठिकाणी बसवली. दार तेच, रखवालदारही तोच. चमक मात्र जागेनुसार सुमारे तीनशे पटींपर्यंत बदलली. प्रतींच्या हिशेबाने तो फरक भरून येत नव्हता. काही जागी गप्प करणाऱ्या प्रथिनांचं दाट आवरण होतं, काही जागी शेजारच्या जनुकाची वर्दळ, आणि काही जागी गायरेजची ये-जा.